बोल्ट घट्ट चालतोय? कुठे अडतो ते आधी बघा

कानात इअरफोन नसेल तरी चालेल, हा या आठवड्याच्या एपिसोडचा लेखी अवतार. बोलताना मी दोन ठिकाणी अडखळलो होतो, ते इथे गाळलंय.

मागे मी सहज म्हणालो होतो की इथे अॅरिझोनात आमच्या मराठी ग्रुपमधला एक मित्र रायफलची काडतुसं घरीच भरतो. त्यावर एवढे मेसेज आले की शेवटी त्याची रायफलच आजचा विषय केली. त्याने मागच्या वर्षी कस्टम रायफल बनवून घेतली, ६.५ क्रीडमूरमध्ये. पहिले काही महिने बोल्ट लोण्यासारखा चालायचा. मग हळूहळू हँडल उचलताना जोर लागायला लागला, आणि उचलीच्या अगदी शेवटी ‘खट्’ असा झटका. ऑक्टोबरमध्ये त्याला शिकारीला जायचं होतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं घरी भरायला केंद्राचा परवाना लागत नाही. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. त्यामुळे हे ऐकून कुणी घरी प्रयोग करू नका. आणि ज्यांनी स्वप्नील कुसाळेबद्दल विचारलं त्यांच्यासाठी: २०२४ला पॅरिसमध्ये त्याने कांस्य जिंकलं ती ५० मीटरची रायफल पॉइंट टू-टूची असते. ते काडतूस रिमफायर, त्यात घरी भरण्याचा प्रश्नच येत नाही.

आता मुद्द्यावर येऊ. ‘बोल्ट घट्ट आहे’ हे वाक्य म्हणजे ‘अॅप चालत नाहीये’ असं म्हणण्यासारखं आहे. कधी घट्ट? बंद करताना की उघडताना? आणि उघडताना असेल तर उचलीच्या सुरुवातीला की शेवटी?

बंद करताना अडत असेल तर काडतूस चेंबरमध्ये मावत नाहीये, एवढाच अर्थ. पुंगळीला बूड, अंग, खांदा आणि मान असते, अगदी माणसासारखी. बार उडाला की पितळ फुगून चेंबरचा आकार घेतं. पुन्हा भरण्याआधी डायमध्ये दाबून खांदा साधारण एक-दोन थाऊ मागे ढकलतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, डोक्याचा केस जवळपास तीन थाऊ. खांदा मागे गेला नाही की बोल्ट अडणारच. दुसरं कारण, पुंगळी लांब झालीये. पितळ दरवेळी थोडं पुढे सरकतं, म्हणून छाटावं लागतं. क्रीडमूरची कमाल लांबी १.९२० इंच. हे मात्र दुर्लक्ष करण्यासारखं नाही, कारण लांब पुंगळीचं तोंड चेंबरच्या टोकाला आवळलं जातं, गोळी घट्ट धरली जाते आणि दाब एकदम चढतो. तिसरं, गोळी इतकी बाहेर बसवलीये की ती रायफलिंगला टेकते. आणि कस्टम चेंबर असेल तर चौथं: मानेची जागाच मुद्दाम अरुंद कोरलेली, आणि पितळ जाड.

कुठे घासतंय हे शोधायला मार्कर पेन पुरतो. दारू आणि प्रायमर नसलेलं डमी काडतूस काळं करायचं, बोल्ट बंद करून उघडायचा, रंग कुठे निघाला ते बघायचं. बोल्टमधून फायरिंग पिन आणि इजेक्टर काढून ठेवले तर आणखी बरं, कारण मग स्प्रिंगचा जोर मध्ये येत नाही आणि बोटाला खरं काय ते कळतं.

मित्राचा बोल्ट बंद होताना मात्र काही त्रास नव्हता. अडचण उघडताना.

उघडताना हँडल तीन कामं करतं: फायरिंग पिनची स्प्रिंग ताणतं, लग सोडवतं, आणि उचलीच्या शेवटी एका तिरक्या उतारावर सरकत पुंगळीला किंचित मागे ओढतं. सुरुवातीपासूनच जड असेल तर आधी रिकाम्या रायफलवर करून बघा. रिकामीही जड चालत असेल तर दोष काडतुसाचा नाही, स्प्रिंगचा किंवा कोरड्या लगचा. लगला ग्रीस लावा, चेंबरला नाही. चेंबरमध्ये तेल असेल तर पुंगळी भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो.

रिकामी हलकी आणि बार उडाल्यावर जड, तर पहिला संशय दाबावर. या काडतुसाची मर्यादा ६२,००० पीएसआय, तुमच्या गाडीच्या टायरच्या जवळपास दोन हजार पट, आणि हे सगळं गालापासून काही इंचांवर. दाब वाढला की चेंबरचं पोलादही क्षणभर ताणतं आणि परत येताना पुंगळीला आवळतं. अशा वेळी पुंगळीच्या बुडावर इजेक्टरच्या भोकाचा चकचकीत ठसा उमटतो, प्रायमरची खोबण सैल पडते, क्रोनोग्राफवर वेग पुस्तकातल्या आकड्याच्या वर जातो. प्रायमर चपटा झाला एवढ्यावरून मात्र सुतावरून स्वर्ग गाठू नका, त्याची कारणं इतरही असतात. यातलं काहीही दिसलं तर त्या दिवशीचं शूटिंग बंद. उरलेली काडतुसं घरी नेऊन सुटी करायची, दारू कमी करून पुन्हा खालून सुरुवात. आमच्याकडे उन्हाळ्यात गाडीत ठेवलेली काडतुसं तापतात आणि फेब्रुवारीत ठीक असलेला लोड जुलैत जास्त होतो, हेही लक्षात ठेवा.

मित्राच्या बाबतीत यातलं एकही लक्षण नव्हतं. तरीही रेंजवरच्या दोघांनी त्याला सांगितलं, बोल्टचं हँडल बदलून घे. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलली, गिट बायसेक्टसारखी. तोच लोड, नवं कोरं पितळ: बोल्ट मऊ. चार वेळा वापरलेलं पितळ आणि पुस्तकातला सगळ्यात कमी लोड: तरीही ‘खट्’. म्हणजे दाब सुटला, हँडलही सुटलं. दोष पितळाच्या आकारात.

मग मायक्रोमीटर घेऊन पुंगळीच्या बुडाजवळ, तळापासून पाव इंचाच्या आतच, मोजलं. डायमधून काढल्यावर तिथे अर्धा थाऊसुद्धा कमी होत नव्हता. खांदा व्यवस्थित मागे जात होता, बूड होतं तसंच. कारखान्याच्या रायफलचं चेंबर सहसा सैल असतं, कुठलंही काडतूस चालावं म्हणून. याचं चेंबर किमान मापाला कोरलेलं, आणि डाय मात्र सैल मापाची. दरवेळी बूड थोडं फुगायचं, पितळाची लवचिकता कमी व्हायची, आणि तीन-चार बारांनंतर ते चेंबरला चिकटूनच बसायचं. म्हणून उचलीच्या शेवटी झटका, जिथे ओढण्याचं काम सुरू होतं तिथेच.

उपाय दोन होते. चेंबरचं बूड किंचित मोठं कोरून घ्यायचं, किंवा बुडाला जास्त दाबणारी स्मॉल बेस डाय घ्यायची. रायफलला हात लावण्यापेक्षा डाय स्वस्त, म्हणून त्याने तीच घेतली. बूड दीड थाऊ खाली आलं. जुनं पितळ त्याने फेकलं, जे मला पटलं, कारण तळाशी ताणलेली पुंगळी पुन्हा दाबून किती दिवस टिकेल याचा भरवसा नसतो.

एका श्रोत्याचा प्रश्न: बोल्ट उघडतच नसेल तर रबरी हातोडीने ठोकायचा का? आत जिवंत काडतूस असण्याची जरा जरी शक्यता असेल तर अजिबात नाही. नळी निशाण्याच्या दिशेलाच ठेवा, बोट ट्रिगरपासून लांब, आणि रेंज ऑफिसरला हाक मारा. पुढचं काम गनस्मिथचं.