नदीला उतार आहे का?

रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगड, हा ट्रेक सह्याद्रीत भटकणाऱ्या दोन-तीन पिढ्यांच्या पायांखालून गेला आहे. रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या देवळापासून निघायचं, गड पाहून उतरायचं, जंगलातून खिंड गाठायची, पलीकडे कुमशेतला जायचं, मुळा नदी ओलांडून पाचनईला चढायचं आणि तिथून कातळाच्या पोटातल्या आडव्या वाटेने हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाशी पोचायचं. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून मी ही वाट आखत आलो आहे, कधी स्वतःसाठी, बहुतेक वेळा क्लबातल्या नव्या मुलामुलींसाठी. एवढ्या काळात आखणीची साधनं पार बदलली. नकाशा बदलला, गावापर्यंत डांबर आलं, माहिती खिशात आली. वाटेतलं पाणी मात्र होतं तसंच आहे, आणि आखणीचा खरा कस आजही त्याच्यापाशीच लागतो.

कात्राबाईची खिंड पाणी वाटून देते. अलीकडचा पाऊस प्रवरेतून भंडारदऱ्याच्या धरणात जातो, पलीकडचा मुळेला मिळून राहुरीच्या दिशेने निघतो. पुढे नेवासा तालुक्यात या दोघी एकत्र होतात. पश्चिमेला घाटाची कड ओलांडली की पाणी थेट कोकणात. म्हणजे दोन-तीन दिवसांच्या चालीत आपण एका नदीचा बालपणीचा ओढा चार-पाचदा ओलांडतो आणि दुसरीचं पात्र आडवं कापतो. हे नकाशावर दिसतं, पण ते पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते.

नकाशा म्हणजे तेव्हा टोपोशीट. सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,०००ची शीट, दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर, वीस-वीस मीटरांचे कंटूर. रतनगड ४७ ई/१०च्या तळाच्या कडेला येतो, त्याच्या दक्षिणेचा मुलूख ४७ ई/११वर आणि हरिश्चंद्रगड ४७ ई/१५वर. शीट सहज मिळत नसे. किनाऱ्याकडच्या पट्ट्यावर निर्बंध होते, त्यामुळे झेरॉक्सची झेरॉक्स हातोहात फिरायची आणि प्रत्येक फेरीत कंटूर अधिक फिकट व्हायचे. तीन झेरॉक्सच्या कडा कापून जमिनीवर चिकटवायच्या, तर सांधा नेमका रतनगडाच्या पायथ्याशी यायचा आणि चिकटपट्टीखाली डोंगराची एक सोंड गडप व्हायची. मग निळ्या स्केचपेनने सगळे ओढे गिरवायचे, उगमापासून. हे काम मी नव्या मुलांना आवर्जून द्यायचो. ओढे गिरवले की सोंडा आपोआप उठून दिसतात, आणि कुठल्या ओढ्यामागे केवढा डोंगर उभा आहे, म्हणजे पाऊस झाला तर किती पाणी येईल, याचा अंदाज हाताला लागतो. शीटवरची तुटक रेषेची वाट सर्वेक्षण झालं त्या वर्षी होती, एवढंच खात्रीने म्हणता यायचं.

पुस्तकंही होती. हरीश कपाडियांचं सह्याद्रीवरचं इंग्रजी पुस्तक १९७७मध्ये आलं होतं, पुढे आनंद पाळंदे यांचं ‘डोंगरयात्रा’ हाती आलं. गोनीदांनी गडांवर जाण्याची ओढ लावली होती, या पुस्तकांनी गावांची नावं, तासांचे हिशेब आणि पाण्याच्या टाक्यांचे पत्ते दिले. राहिलेलं सगळं माणसांना विचारून भरायचं. एका गावातल्या गुरुजींना आम्ही जोडकार्ड पाठवत असू. उत्तराच्या कार्डावर ते मोजकं लिहीत: मुक्कामी गाडी चालू आहे, शाळेचा व्हरांडा मिळेल, नदीचं पाणी अजून कमरेएवढं आहे, दसऱ्यानंतर या. अशा कार्डावर आम्ही तारखा पुढे ढकलत असू आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नसे.

वाट न मळलेली असणं म्हणजे काय, हे कुमशेतच्या परिसरात चांगलं कळतं. तिथे वाटांचा तुटवडा नाही. उलट ढोरवाटा इतक्या की प्रत्येक पठारावर पाच फुटतात आणि त्यांतल्या चार चाऱ्यापाशी जाऊन संपतात. पावसाळ्यानंतर वाट मोडते. सप्टेंबरात गवत छातीएवढं होतं, कारवी दाटते, आणि मार्चमध्ये डोळे मिटून चालता आली असती अशी वाट पायाने चाचपत शोधावी लागते. गवळदेव, मुडा, घनचक्कर ही कात्राबाईच्या शेजारची शिखरं अशीच आहेत. घनचक्कर आणि गवळदेव दोन्ही दीड हजार मीटरांच्या वर, राज्यातल्या सर्वांत उंच शिखरांत मोडणारी, पण त्यांच्यावर किल्ला नाही, म्हणून गर्दी नाही आणि दगडावर रंगवलेला बाणही नाही. अशा ठिकाणी आखणी शिखराकडून खाली करावी लागते. कोणत्या सोंडेवरून उतरता येईल, ती सोंड कड्यावर संपते की पठारावर टेकते, चुकलो तर कुठला ओढा गाठला म्हणजे गाव येईल, हे आधी ठरवायचं. ओढ्याला धरून बेधडक खाली जायचं नाही, हेही त्यातच ठरतं, कारण सह्याद्रीतला ओढा हमखास कड्यावरून उडी घेतो.

आता मुळेबद्दल. पावसाळ्याच्या शेवटच्या एका फेरीत आम्ही कुमशेतहून सकाळी खाली आलो, तर पात्र भरून वाहत होतं. रात्री पाऊस आमच्या डोक्यावर पडलाच नव्हता. तो वर, घाटाच्या कडेला पडला होता. काठावर एक म्हातारेबुवा ढोरं घेऊन बसले होते.

“बाबा, नदीला उतार आहे का?”

“पाणी लाल हाय अजून. आज ढोरं सोडली नाय आम्ही पल्याड. बसा की पोरांनो. दुपारपातुर उतरंल.”

आम्ही बसलो. एका मुलाने काठाशी पाण्याच्या रेषेवर काडी रोवली. अर्ध्या तासाने काडी कोरड्यात होती, तासाभराने तिच्यापासून पाणी हातभर मागे गेलं होतं. लाल रंग पिवळट झाला, मग तळाचे गोटे दिसायला लागले. दुपारी बाबांनी स्वतः ढोरं पाण्यात घातली आणि त्यांच्यामागून आम्ही गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेलो.

यामागचं कारण साधं आहे. इथला कातळ बसाल्टचा, वर मातीचा थर पातळ, उतार तीव्र. पडलेला पाऊस मुरत नाही, लगेच धावत सुटतो. म्हणून ओढा तासाभरात चढतो आणि पाऊस थांबला की काही तासांत उतरतोही. हिमालयात बर्फ वितळून दुपारी पाणी वाढतं, म्हणून तिथे भल्या पहाटे ओलांडतात. इथे घड्याळाकडे बघून उपयोग नाही, घाटमाथ्यावरच्या ढगांकडे बघावं लागतं. थांबायला वेळ असणं हे सह्याद्रीतल्या नदीवरचं सर्वांत भरवशाचं साधन आहे, आणि ते घरून निघतानाच वेळापत्रकात घालून आणावं लागतं. रविवारी रात्रीची शेवटची लोकल गाठायचीच असं ठरवून आलेला गट थांबू शकत नाही. मी पाहिलेले बहुतेक धोकादायक प्रसंग पोहता न येण्यापेक्षा या घाईतून आलेले आहेत.

ओलांडायचंच झालं तर पात्र जिथे रुंद आणि पसरट तिथून. अरुंद जागा नजरेला सोपी वाटते, पण सगळं पाणी तिथूनच जायचं असतं, त्यामुळे ते खोल आणि वेगवान. वेग दुप्पट झाला की पायावरचा रेटा चौपट होतो, म्हणून मांडीएवढं संथ पाणी चालेल आणि गुडघ्यावरचं धावतं पाणी नको. बूट पायात राहू द्यायचे, काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला टेकायची, सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवायचा. दोर माणसाला बांधायचा नाही, कारण पाय निसटला तर तोच दोर त्याला पाण्याखाली धरून ठेवतो. आणि पाऊल टाकण्याआधी खाली शंभर पावलं चालून बघून यायचं: पडलो तर वाहत कुठे जाऊ? पुढे धबधबा असेल तर तिथून ओलांडण्याची चर्चाच नको. पाण्यात अचानक पाचोळा, काटक्या दिसू लागल्या, रंग बदलला, आवाज जड झाला, तर अर्धा गट अलीकडे आणि अर्धा पलीकडे असला तरी तसंच थांबायचं.

हे सगळं १९९०च्या दशकात आम्ही पायलट ट्रेक करून शिकवत असू. मोठा गट नेण्याआधी दोघा-तिघांनी वाट पाहून यायची आणि फाट्यांची चित्रं वहीत काढून आणायची. २०००च्या मे महिन्यात अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतातली मुद्दाम ठेवलेली चूक काढली आणि शंभरेक मीटरांचा घोळ दहा-वीस मीटरांवर आला. २००५मध्ये गुगल अर्थ आलं, त्याच वर्षीच्या नकाशा धोरणाने टोपोशीटही बऱ्याच मोकळ्या झाल्या. मला त्या दिवसांचा आनंद अजून आठवतो. गवळदेवाची जी सोंड आम्ही नुसत्या कंटूरवरून वर्षानुवर्षं वाचत होतो, ती पडद्यावर तिरपी करून पाहता आली. कोकणातून वर चढणाऱ्या, वापरातून गेलेल्या घाटवाटा अनेक मंडळांनी याच काळात नव्याने चालून पाहिल्या. करोली, पाथरा यांसारखी नावं पुन्हा लोकांच्या बोलण्यात आली. तंत्रज्ञानाने भटकंतीचं भलं केलं, हे मी मनापासून मानतो.

पण मग ट्रॅक डाउनलोड करण्याचा काळ आला. कुणीतरी फेब्रुवारीत चाललेली रेषा ऑगस्टमध्ये दुसऱ्याच्या फोनवर असते. रेषा नदीच्या पात्रात शिरते आणि बाहेर पडते. मध्ये काय आहे, ते ती सांगत नाही. फेब्रुवारीत तिथे कोरडे गोटे असतात. रेषेवर विसंबलेला गट गावात थांबत नाही, म्हणून काठावरच्या बाबांना विचारायची वेळच येत नाही. पाचनईपर्यंत गाड्या जाऊ लागल्या, काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याच्या रस्त्यावर रांगा लागू लागल्या, आणि सुट्टीच्या दिवशी हरिश्चंद्रगडावर पोचणाऱ्यांतले कित्येकजण आपण कुठल्या खोऱ्यात उभे आहोत हे न जाणता पोचतात. हा त्यांचा दोष मी मानत नाही. त्यांना कुणी ओढे गिरवायला बसवलंच नाही. ते काम आम्हा जुन्या मंडळांचं होतं, आणि गर्दीच्या नावाने बोटं मोडण्यात आमची बरीच वर्षं गेली.

याच वर्षांत डोंगरातल्या बचावकार्याची एक फळी उभी राहिली, ही या काळातली सर्वांत मोठी गोष्ट. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स आणि असे कितीतरी गट, समन्वयासाठी एक सामायिक केंद्र, आणि सगळे नोकरी-धंदा सांभाळून येणारे. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाच्या पोटातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वर जायला फक्त पायवाट होती, तीही पावसात निसरडी. यंत्रं चढू शकली नाहीत, माणसं चढली, त्यांत डोंगर भटकणारी पोरं होती. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. ज्या वाडीच्या अंगणातून आम्ही गडाची वाट विचारत गेलो होतो, ती उरली नाही. तेव्हापासून माझ्या आखणीत एक ओळ वाढली आहे: मुक्काम डोंगराच्या कुठल्या उताराखाली पडतो, आणि त्या वाडीला आपल्यामुळे भार होतो की आधार.

आज आखणीला बसलो की घाटघर, रतनवाडी, पांजरे, भंडारदरा यांचे पावसाचे आकडे आधी बघतो. धरणाच्या पाणलोटाचे म्हणून नगरकडच्या वर्तमानपत्रांत ते पावसाळाभर रोज छापून येतात. आदल्या दोन दिवसांत घाटघरला काय झालं यावरून मुळेच्या पात्राचा पुष्कळ अंदाज बांधता येतो. ट्रॅक फोनमध्ये असतोच, पण आमच्या मंडळाने आता प्रत्येक ट्रॅकला पाण्याची नोंद जोडायचं ठरवलं आहे: कुठल्या महिन्यात ओलांडली, पाणी कुठवर होतं, आधी वर किती पाऊस झाला होता, आणि उतार नसेल तर कुमशेतहून राजूरकडे कसं निघायचं. सोबत गावातला वाटाड्या असतो. पूर्वी आम्ही ज्यांना बाबा म्हणायचो त्यांच्या नातवंडांच्या वयाची ही महादेव कोळी आणि ठाकर मुलं. नदी ओलांडायची की नाही, हे तोच सांगतो आणि गटाचा लीडर ते ऐकतो, असं पत्रकातच छापलेलं असतं. त्याने “आज नको” म्हटलं आणि आम्ही अलीकडूनच परतलो, तरी त्याला ठरलेल्या सगळ्या दिवसांची पूर्ण मजुरी देतो.