टाटा, जमशेटजी नसरवानजी

(३ मार्च १८३९–१९ मे १९०४). आधुनिक भारतीय उद्योगांचे एक आद्य प्रवर्तक. जन्म गुजरातमधील नवसारी येथे, पारशी पुरोहित घराण्यात. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण १८५८ मध्ये संपवून ते वडिलांच्या व्यापारात शिरले. पुढील वर्षी ते हाँगकाँगला गेले. १८६८ मध्ये २१,००० रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतंत्र पेढी स्थापन केली.

बहुतेक गिरण्या मुंबईत निघत असताना जमशेटजींनी नागपूरची निवड केली. वऱ्हाड-नागपूरचा कापूस तेथे सहज मिळे. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पुरा झाला होता आणि चांदा जिल्ह्यातील वरोऱ्याच्या कोळसाखाणीही जवळ होत्या. तेथील एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली.

माल तयार झाला, तरी त्याची वाहतूक परकीयांच्या हाती होती. सूत व कापूस पूर्वेकडे नेणाऱ्या पी. अँड ओ. प्रभृती जहाज कंपन्या संगनमताने भारी भाडे आकारीत. जमशेटजी १८९३ मध्ये जपानला गेले व निप्पॉन युसेन कैशा या कंपनीच्या सहकार्याने त्यांनी ‘टाटा लाइन’ चालविली. प्रतिस्पर्ध्यांनी भाडे टनामागे १ रुपया ८ आण्यांपर्यंत खाली आणले. स्वस्त भाड्याच्या मोहाने भारतीय व्यापारीही टाटांपासून दूर झाले आणि हा उपक्रम बंद करावा लागला.

चांदा जिल्ह्यातील लोखंडाचा विचार त्यांच्या मनात याहूनही जुना होता. तेथील जंगलात स्थानिक कारागीर लाकडी कोळशाच्या लहान भट्ट्यांत लोखंड गाळीत. फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ञाचा या जिल्ह्यातील लोहखनिजाविषयीचा अहवाल १८८२ मध्ये जमशेटजींच्या वाचनात आला. लोहारा येथील खनिज उत्कृष्ट होते. परंतु वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत केलेल्या चाचणीत लोखंड गाळण्यास अयोग्य ठरला. शिवाय खाणपरवान्यांच्या अटी जाचक असल्याने योजना मागे पडली.

१८९९ मध्ये हे नियम शिथिल झाल्यावर त्यांनी ती पुन्हा हाती घेतली. १९०२ मध्ये ते अमेरिकेस गेले व चार्ल्स पेज पेरिन यांना त्यांनी सल्लागार नेमले. पेरिन यांचे सहकारी सी. एम. वेल्ड यांनी जमशेटजींचे पुत्र दोराबजी यांच्यासह चांद्याच्या रानात बैलगाडीने फिरून पाहणी केली. लोहाऱ्याचे साठे मोठ्या कारखान्यास अपुरे असल्याचे त्यांत आढळले. नागपूरच्या वस्तुसंग्रहालयातील भूवैज्ञानिक नकाशावरून दोराबजींना दुर्ग जिल्ह्यातील खनिजाचा सुगावा लागला. पण योग्य कोळसा तेथेही जवळ नव्हता. अखेर भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांच्या सूचनेवरून मयूरभंज संस्थानातील साठ्यांकडे लक्ष वळले.

जमशेटजींचे जर्मनीतील बाड नाउहाइम येथे निधन झाले. त्यांच्या मृत्यूनंतर १९०७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनी स्थापन झाली व १९१२ मध्ये साकची येथे पोलाद तयार झाले. १९१९ मध्ये साकचीस जमशेटपूर हे नाव मिळाले. चांदा जिल्ह्याचे विभाजन होऊन १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. त्यातील सुरजागडचे लोहखनिज मात्र एकविसाव्या शतकात व्यापारी प्रमाणावर काढले जाऊ लागले. खनिज, कोळसा, वाहतूक व अनुकूल कायदे यांचा मेळ बसल्याखेरीज अवजड उद्योग उभा राहत नाही, हे चांद्यातील अयशस्वी प्रयत्नातून स्पष्ट झाले आणि पुढील यशाची पूर्वतयारीही त्यातूनच झाली.