शेत आणि गोठ्याचे बिऱ्हाड

दोन-तीन एकर जमीन, चार-सहा गाई-म्हशी, काही शेळ्या आणि परसातल्या कोंबड्या एवढ्यावर महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांची शेती चालते. वाटण्या होत गेल्या की हे क्षेत्र आणखी आटते, गोठ्याला जागा उरत नाही आणि वैरण विकत घ्यावी लागते. मग गावालगतची महाग जमीन विकून आडबाजूला जास्त जमीन घेण्याचा मार्ग काही कुटुंबे धरतात. माणसांचे बिऱ्हाड एका दिवसात हलते. गोठ्याचे हलवायला हंगाम जातो. नव्या जागी पाणी, कुंपण आणि वैरण उभी राहिल्यावरच जनावरांची पाळी येते.

पहिले काम कागदांचे. 1948 च्या कूळकायद्यातील कलम 63 प्रमाणे शेतजमीन घेणारा साधारणपणे शेतकरीच असावा लागतो. म्हणून जुनी जमीन पूर्ण विकण्याआधीच नवी नावावर होणे सोयीचे ठरते. सातबारावर भोगवटादार वर्ग 1 आहे की 2, इतर हक्कांत बोजा, कूळ किंवा वाद नोंदलेला आहे का, हे पाहावे लागते. वर्ग 2 च्या जमिनीला हस्तांतरणाची परवानगी लागते. खरेदीपूर्वी सरकारी मोजणी करून घेतली तर बांधाची भांडणे टळतात. रस्ता नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या मर्जीवर, हेही तपासावे. दुधाची गाडी आणि पशुवैद्यक भर पावसाळ्यातही गोठ्यापर्यंत पोहोचले पाहिजेत.

पाण्याचा अंदाज उन्हाळ्यावरून बांधायचा. दुभत्या संकरित गाईला दिवसाला 60 ते 100 लिटर पिण्याचे पाणी लागू शकते, धुण्याचे वेगळे. दिवाळीत काठोकाठ दिसणारी विहीर एप्रिल-मेमध्ये किती तास उपसा देते, यावर जनावरांची संख्या ठरते.

वैरणीचा हिशेब त्यानंतर. दिवसाला 25 किलो हिरवा चारा धरला, तर एका गाईला वर्षाला सुमारे 9 टन लागतो. फुले जयवंतसारखे संकरित नेपियर गवत चांगल्या पाण्यावर 10 गुंठ्यांत वर्षाला 15 ते 20 टन निघते, म्हणजे साधारण दोन गाईंचा हिरवा चारा. कडब्यासाठी ज्वारी आणि लसूणघास वेगळी लावावी लागते. नेपियरची पहिली कापणी लागवडीनंतर दोन ते अडीच महिन्यांनी येते, चाऱ्याचा मका दोन महिन्यांत. म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीला ठोंबे लावून हिवाळ्यात गुरे नेणे जमते. मक्याचा मुरघास करून ठेवला तर उन्हाळ्याची तूट भरून निघते.

जागा मोठी झाली की मुक्त संचार गोठा परवडतो. गाईमागे सुमारे 3.5 चौरस मीटर छपराखाली आणि 7 चौरस मीटर मोकळे, असे प्रमाण धरतात. शेळीला 1 आणि 2 चौरस मीटर पुरते. गोठा उंचवट्यावर, पाण्याचा निचरा होईल असा आणि विहिरीपासून दूर हवा. शेताभोवती फिरून घाणेरीची झुडपे काढावी लागतात, कारण ती खाल्ल्यास यकृताला इजा होते. ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते; हा धोका मोकळ्या चराईत जास्त असतो.

लाळ्या-खुरकूत, घटसर्प आणि शेळ्यांची पीपीआर या लसी प्रवासाच्या निदान तीन आठवडे आधी टोचतात, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला तेवढा वेळ जातो. कानातला 12 अंकी बिल्ला आणि पशुवैद्यकाचा दाखला सोबत लागतो. 1978 च्या जनावर वाहतूक नियमांनुसार मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त गुरे नेता येत नाहीत, सोबत एक माणूस असावा लागतो, दुसरा माल भरता येत नाही आणि गुरांची तोंडे शक्यतो इंजिनाकडे ठेवतात. तळाला पेंढा अंथरला की खुर घसरत नाहीत. व्यायला टेकलेल्या गाई मागे ठेवून नंतर न्याव्यात. कोंबड्या रात्री, हवेशीर पिंजऱ्यांतून नेल्या की कमी बिथरतात.

पोहोचल्यावर आधी पाणी आणि सुका चारा द्यायचा. चारा बदलला की पोटातील सूक्ष्मजीवांना जुळवून घ्यायला दोन-तीन आठवडे लागतात. जुन्या शेतातला कडबा आणि पेंड तेवढ्या दिवसांपुरती बरोबर आणून नवी वैरण थोडी थोडी वाढवतात. दूध काही दिवस कमी होते. कळप वाढवायला नवी जनावरे विकत घेतली, तर ती तीन-चार आठवडे वेगळी बांधून गोचीड आणि ताप तपासतात. शेळ्या आणि कोंबड्या सुरुवातीचे काही दिवस कोंडून ठेवल्या की त्यांना नवा निवारा ओळखीचा होतो.

शेवटी पुन्हा नोंदी. फेरफार मंजूर होऊन सातबारावर नाव चढल्याची खात्री करणे, ई-पीक पाहणीत चारापिकांची नोंद घेणे आणि जनावरांच्या बिल्ल्यांवरील पत्ता नव्या गावाच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बदलून घेणे, ही कामे झाली की पुढच्या लसीकरणात, विम्यात आणि अनुदानात अडचण राहत नाही.