विजयदुर्गाचे कट्टे आणि हेलियमचा शोध

विजयदुर्ग पाहावयास गेलेल्या प्रवाशास तेथील ‘साहेबाचे कट्टे’ दाखवून असे सांगण्यात येते की, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने येथूनच दुर्बीण रोखली आणि हेलियमचा शोध लावला. ही हकीकत इतक्या वेळा छापून आली आहे की, तिच्याविषयी शंका काढणे म्हणजे कोकणच्या अब्रूस हात घालण्यासारखेच होय. तथापि त्या दिवशी लॉकियर हिंदुस्थानात नव्हता. तो इंग्लंडात होता, आणि युद्धखात्यातील कारकुनी सांभाळून फावल्या वेळात आकाश पाहत होता.

त्या ग्रहणाचे निरीक्षण आपल्याकडे झाले ते अन्यत्र: पटवर्धनांच्या जमखिंडीस लेफ्टनंट जॉन हर्शेल होता, तर गुंटूरला जॅन्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ होता. सूर्यबिंबाच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाळांच्या वर्णपटात त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या, आणि त्यांतील एक पिवळी होती. आता चुलीत मिठाची चिमूट पडली असता ज्वाळेस जो पिवळा रंग चढतो तो सोडियमचा, व ग्रहणाच्या त्या धांदलीत ही रेषाही सोडियमचीच समजली गेली, यात नवल नाही. ज्वाळा पाहण्यास ग्रहणच हवे असे नाही, हे जॅन्सेनने दुसऱ्याच दिवशी दाखवले. स्वतंत्रपणे तीच युक्ती साधून लॉकियरने २० ऑक्टोबर रोजी, म्हणजे ग्रहण उलटून दोन महिने झाल्यावर, इंग्लंडातूनच ती पिवळी रेषा पाहिली. आणि पुढे बारकाईने मोजता ती सोडियमच्या जोडरेषांपासून किंचित बाजूस, हिरव्या रंगाच्या दिशेने सरकलेली आढळली. या किंचित अंतरात सारा शोध साठलेला आहे.

एका ग्रहणात शोध लागून काम फत्ते झाले, ही समजूतही तितकीच निराधार. ती रेषा हायड्रोजनपासून प्रयोगशाळेत काही केल्या उमटेना, म्हणून नव्या मूलद्रव्याची कल्पना पुढे आली. परंतु पृथ्वीवर ज्याचा मागमूस नाही अशा पदार्थाच्या अस्तित्वास अनेक रसायनशास्त्रज्ञ मान्यता देईनात. अखेर १८९५ साली विल्यम रॅम्झेला युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा सापडली, तेव्हा कोठे हा सत्तावीस वर्षांचा वाद मिटला.

मग साहेबाचे कट्टे खोटे काय? मुळीच नाहीत. सर नॉर्मन लॉकियर विजयदुर्गास खरोखरच आला, पण तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरील खलाशांना तालीम देऊन त्याने यंत्रांपाशी उभे केले, आणि जेमतेम दोन मिनिटांच्या खग्रास अवस्थेत सूर्याच्या वर्णमंडलाची छायाचित्रे घेतली. हेलियम तोवर जुना झाला होता. साल आणि माणूस दोन्ही खरे. लोकांनी केवळ त्यांची सांगड चुकीची घातली, आणि तीस वर्षांचा फरक कोणी तपासला नाही.

मला याहून अधिक खटकते ती गोष्ट निराळीच आहे. त्याच १८९८ च्या ग्रहणाच्या वेळी सोलापूरकडील जेऊर येथे पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही वर्णपटाची निरीक्षणे केली होती, आणि त्यांचा सविस्तर अहवाल पुढे मुंबईस छापून प्रसिद्धही झाला होता; पण साहेबाच्या कट्ट्यांची हकीकत सांगताना त्यांची आठवण कोणी काढत नाही.