आईच्या कानात

जमिनीवर ठोकळे पसरलेले. चार वर्षांचा मुलगा मनोरा रचतोय, शेजारी आई, तिच्या कानात छोटंसं यंत्र. एकतर्फी आरशापलीकडून समुपदेशक हळूच सुचवतो, "प्रश्न नको. त्यानं केलं तेच बोलून दाखवा." आई म्हणते, "वा, लाल ठोकळा किती अलगद ठेवलास!"

'पॅरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी' ही पद्धत मानसशास्त्रज्ञ शीला आयबर्ग यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेत घडवली. साधारण २ ते ७ वर्षांच्या, सतत आदळआपट करणाऱ्या मुलांसाठी. शिकवणी मात्र पालकांची! पहिल्या टप्प्यात खेळ मुलाच्या कलानं. ५ मिनिटांत १० नेमक्या शाबासक्या, १० वेळा त्याचंच वाक्य परत म्हणणं, १० वेळा त्याच्या कृतीचं वर्णन; प्रश्न, हुकूम आणि टीका मिळून तीनच्या वर जाता कामा नयेत. करून पाहावं, "हे काय? ते ठेव!" यातच आपली पाच मिनिटं संपतात.

दुसऱ्या टप्प्यात शिस्त: एका वेळी एकच स्पष्ट सूचना, न ऐकल्यास आधी ठरलेला परिणाम. घरी रोज ५ मिनिटं सराव.

आरशाची खोली सगळीकडे कुठून येणार? कोविडकाळात हेच मार्गदर्शन व्हिडिओ कॉलवरून अनेक घरांत पोचलं.

पालकांनाच शिकवणाऱ्या, ऑस्ट्रेलियातल्या मॅट सँडर्स यांच्या 'ट्रिपल पी' कार्यक्रमाचा आवाका आणखी मोठा. तो अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनाच्या १८ काउंट्यांमध्ये तपासला गेला. २००९मध्ये निष्कर्ष आले: जिथे तो राबवला, तिथे बालछळाची सिद्ध प्रकरणं तुलनेनं कमी होती आणि घराबाहेर ठेवावी लागणारी मुलंही.