नवा कॉम्प्युटर, वेग मात्र बैलगाडीचा? नवीन पार्ट घेण्याआधी या ८ गोष्टी तपासा



घरून काम सुरू करायचं ठरवलं की पहिली मोठी खरेदी बहुतेक वेळा कॉम्प्युटरचीच असते. लग्नपत्रिका-बॅनरचं डिझाइन असो, दुकानदारांचे हिशेब लिहिणं असो, नाहीतर यूट्यूबसाठी व्हिडिओ एडिटिंग. कंपनीचा तयार कॉम्प्युटर महाग पडतो, म्हणून आपण पार्ट घेऊन असेंबल करतो किंवा ओळखीच्या माणसाकडून करून घेतो. पाडव्याच्या मुहूर्तावर मशीन घरी येतं, पूजा होते, बटण दाबलं जातं... आणि मशीन ढिम्म! फाइल उघडायला तीन मिनिटं, माउस अडखळतोय, ग्राहक फोनवर विचारतोय, "झालं का?"

अशा वेळी पहिला सल्ला ठरलेला असतो. "रॅम वाढवा." दुसरा सल्ला, "ग्राफिक कार्ड टाका." आपण खिशात हात घालतो. इथेच थांबा. नवीन जोडलेला कॉम्प्युटर मंद चालतो तेव्हा बऱ्याचदा पार्ट कमी ताकदीचा नसतो. तो चुकीच्या जागी लावलेला असतो, चुकीच्या सेटिंगवर असतो, नाहीतर तापत असतो. आणि ही तिन्ही दुखणी बहुधा फुकटात, फार तर दोन-चारशे रुपयांत बरी होतात.

हा प्रश्न पैशांचा आहे

साधा हिशेब करू. समजा, तुमच्या एका तासाची किंमत तुम्ही २०० रुपये धरलीत. मशीनच्या संथपणामुळे रोज ४० मिनिटं वाया जातात. महिन्याचे २५ दिवस काम, म्हणजे १००० मिनिटं, साधारण साडेसोळा तास. म्हणजे दरमहा ३,३०० रुपयांच्या आसपास नुसते वाट बघण्यात गेले. वर सहा हजारांचा नको तो पार्ट घेतला तर तेही गेले. धंद्याच्या पहिल्या सहा महिन्यांत ही रक्कम लहान नाही.

आधी मोजा, मग बोला

"स्लो आहे" हे निदान नव्हे, ती तक्रार आहे. वही घ्या आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर तीन वेळा लिहा: बटण दाबल्यापासून काम सुरू करता येईपर्यंत किती सेकंद लागले, तुमची नेहमीची सगळ्यात मोठी फाइल उघडायला किती लागले, आणि तुमचं एक ठरावीक काम, उदाहरणार्थ एका मिनिटाचा व्हिडिओ एक्स्पोर्ट करायला किती लागले.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या परफॉर्मन्स विभागात सीपीयू, मेमरी, डिस्क असे भाग दिसतील. मशीन अडकतं त्याच क्षणी यातलं कोण १०० टक्क्यांजवळ आहे ते बघा. अर्धं निदान इथेच होतं.

आता एकेक कारण बघू.

१. मशीन अजून घर लावतंय का?

विंडोज नवीन टाकल्यावर पहिला दिवस ते स्वतःच्याच कामात असतं. अपडेट उतरवणं, फाइलींची सूची बनवणं, व्हायरस तपासणं, वनड्राइव्हवर फोटो चढवणं. पहिल्या दिवशी निकाल देऊ नका. इंटरनेट जोडून रात्रभर चालू ठेवा, स्लीप बंद ठेवा, सकाळी रीस्टार्ट करा आणि मग मोजा.

२. मंद काय आहे, मशीन की इंटरनेट?

मशीनमधलीच एक मोठी फाइल उघडा. ती झटकन उघडली आणि फक्त वेबसाइट किंवा गुगल शीट रेंगाळत असेल, तर दोष नेटचा आहे. डेस्कटॉपच्या स्वस्त मदरबोर्डमध्ये वायफाय नसतंच, म्हणून आपण छोटा यूएसबी डोंगल लावतो. तो कॅबिनेटच्या मागे, भिंतीकडे तोंड करून बसलेला असतो. राउटरपासून एक लॅन केबल आणा आणि फरक बघा. केबल काही रुपयांची, प्रोसेसर काही हजारांचा!

३. विंडोज नेमकं कुठे बसलंय?

हे सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्ही घेतल्यात. एसएसडी वेगासाठी, हार्ड डिस्क साठवणुकीसाठी. पण असेंबल करणाऱ्याने घाईत विंडोज हार्ड डिस्कवर टाकलं असेल, तर एसएसडी नुसती शोभेला आहे. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कवर क्लिक करा. सी ड्राइव्ह ज्या डिस्कवर आहे तिच्या नावाखाली एसएसडी लिहिलंय की एचडीडी, ते दिसतं.

फरक किती? साधी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते २०० एमबी वाचते. साटा एसएसडी ५०० एमबीच्या पुढे जाते. एनव्हीएमई एसएसडी काही हजार एमबीपर्यंत. शिवाय विंडोज एका वेळी शेकडो लहान फाइली वाचतं, आणि हार्ड डिस्कची सुई तिथेच दमते. तुमची डिस्क सतत १०० टक्के दिसते आणि सी ड्राइव्ह हार्ड डिस्कवर आहे? मग आजार सापडला. विंडोज एसएसडीवर नव्याने टाका. टाकताना हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा, नाहीतर सुरू होण्याच्या फाइली हार्ड डिस्कवर जाऊन बसू शकतात. आणि हो, आधी तुमच्या कामाचा बॅकअप!

एसएसडी गच्च भरली तरी ती मंदावते. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवा.

४. रॅम आहे, पण पूर्ण वापरली जातेय का?

इथे तीन वेगळे प्रश्न आहेत. एकच समजून पैसे घालवू नका.

पहिला, रॅम खरंच कमी पडतेय का? तुमची रोजची सगळी सॉफ्टवेअर एकत्र उघडा. मेमरी सतत ९० टक्क्यांच्या वर असेल तर होय, कमी पडतेय. ५५-६० टक्क्यांवर असेल तर अजून रॅम घेऊन काडीचा फायदा नाही. दुकानदार काहीही म्हणो.

दुसरा, ती योग्य खाचेत आहे का? चार खाचांच्या बहुतेक मदरबोर्डवर दोन रॅम असतील तर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. दोन्ही शेजारी-शेजारी खोचल्या तर त्या एकाच मार्गाने चालतात आणि मेमरीचा कमाल वेग अर्ध्यावर येतो. तुमच्या बोर्डच्या पुस्तिकेत आकृती असते, ती बघूनच करा. वेगळं ग्राफिक कार्ड नसेल तर हा मुद्दा फार जाणवतो, कारण पडद्यावरचं चित्रसुद्धा त्याच रॅममधून चालतं. म्हणूनच १६ जीबीची एक रॅम घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घेणं साधारणपणे शहाणपणाचं.

तिसरा, ती छापलेल्या वेगाने चालतेय का? डब्यावर ३२०० लिहिलेलं, पण टास्क मॅनेजरमध्ये २१३३ किंवा २६६६ दिसतंय, असं अनेकदा होतं. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा आणि एक्सएमपी नावाची सेटिंग चालू करा. एएमडीच्या नव्या बोर्डवर तिला एक्स्पो म्हणतात. बोर्ड आणि प्रोसेसर जेवढी परवानगी देतील तेवढाच वेग मिळेल. सेटिंगनंतर मशीन बंद पडू लागलं तर ती परत पूर्वीसारखी करा.

५. मशीनला ताप आलाय का?

लक्षण ओळखा. पहिली दहा मिनिटं सुसाट, मग अचानक मरगळ. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास हे करतात. एचडब्ल्यू-इन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तापमान दिसतं. जड कामात ७०-८५ अंश चालेल. नुसतं बसल्या-बसल्या ८० दिसत असेल तर कूलर नीट बसलेला नाही.

नवीन मशीनमध्ये इथे तीन चुका होतात. कूलरच्या तळाला चिकटवलेली पारदर्शक प्लास्टिकची फिल्म काढायचीच राहते. कूलरच्या चार खुंट्यांपैकी एखादी पूर्ण बसत नाही. किंवा थर्मल पेस्ट लावलेलीच नसते. पेस्ट वाटाण्याच्या दाण्याएवढी पुरते, लोण्यासारखी थापायची नसते.

चौथी चूक आपल्या घरातली. कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या बंद खणात ठेवतो, मागे भिंत, वर धुळीसाठी घातलेलं कव्हर. मशीन श्वास कुठून घेणार? विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना खोलीची हवाच गरम असते, तेव्हा तर याचा दुप्पट विचार करा. कॅबिनेट भिंतीपासून निदान वीतभर पुढे ओढा, चालू असताना कव्हर काढा.

६. मॉनिटरची केबल कुठे लावलीय?

वेगळं ग्राफिक कार्ड घेतलंय? मग मॉनिटरची केबल कार्डलाच हवी. मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावली असेल तर हजारो रुपयांच्या कार्डचा मोठा भाग वाया जातोय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कुठे पिवळं चिन्ह दिसतंय का तेही बघा. असेल तर त्या पार्टचा ड्रायव्हर बसलेला नाही. चिपसेट आणि ग्राफिकचे ड्रायव्हर कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्या.

७. "फुकट टाकून दिलेलं" विंडोज

हा भाग नीट वाचा. असेंबल करताना बरेच जण क्रॅक केलेलं विंडोज, क्रॅक केलेलं अकाउंटिंग आणि डिझाइनचं सॉफ्टवेअर "फ्री"मध्ये टाकून देतात. अशा क्रॅकसोबत चोरवाटेने दुसरे प्रोग्राम येऊ शकतात, जे तुमचा प्रोसेसर दुसऱ्याच्या कामाला जुंपतात. तुम्ही काहीही उघडलेलं नसताना सीपीयू ७०-८० टक्के दिसत असेल तर संशय घ्या. अँटिव्हायरस आपोआप बंद झालेला असेल तर नक्कीच घ्या.

इथे मंदपणा ही छोटी अडचण आहे. तुमच्या मशीनवर ग्राहकांचे जीएसटी लॉगिन, आधारच्या प्रती, बँकेचे तपशील आहेत. ते फुटले तर गेलेला विश्वास कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवरून अधिकृत विंडोज ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उतरवता येतं, लायसन्स मात्र विकत घ्या. बजेटच नसेल आणि काम फक्त टायपिंग, हिशेबाच्या शीट आणि ब्राउझरचं असेल, तर उबुंटू आणि लिब्रेऑफिस कायदेशीरपणे मोफत आहेत.

८. पार्ट खरंच नवीन आहे ना?

क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्क आजवर किती तास चालली ते दाखवतं. कालच घेतलेल्या डिस्कवर काही हजार तास दिसले, तर ती तुमच्या घरी येण्याआधी दुसरीकडे नांदून आलीय. स्क्रीनशॉट काढा, बिल घ्या आणि दुकान गाठा. बिल पक्कं हवं, त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर हवा, कारण असेंबल मशीनमध्ये वॉरंटी प्रत्येक पार्टची वेगवेगळी असते. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर तुमचा नंबरही घाला. इनपुट क्रेडिट मिळेल का, ते तुमच्या सीएला विचारा. लॅमिंग्टन रोडला पाचशे रुपये वाचवायला कच्च्या बिलावर घेतलेली वस्तू पुढे पाच हजारांना पडू शकते.

एक नियम कायम लक्षात ठेवा

एका वेळी एकच बदल. बदल केला की स्टॉपवॉचवर पुन्हा तेच तीन आकडे मोजा आणि वहीत लिहा. रॅमची जागा, बायोस आणि कूलर एकाच दिवशी बदललंत तर गुण कशाचा ते कळणार नाही. धंद्यातही असंच असतं बघा. दर, पॅकिंग आणि जाहिरात एकदम बदलली आणि विक्री वाढली, तर पुढच्या वेळी नेमकं काय करायचं?

खर्चाचा क्रमही ठरलेला ठेवा. आधी फुकटचं, मग शंभरातलं, शेवटी हजारातलं. कॅबिनेट उघडण्याआधी वीज पूर्ण बंद करून प्लग काढा. दुकानदाराने सील लावलं असेल तर आधी त्याला विचारा, नाहीतर वॉरंटीचा वाद होईल. आणि हात घालायची भीती वाटत असेल तर खुशाल कारागीर बोलवा, पण वही त्याच्यासमोर ठेवा. "स्लो चालतंय, बघा जरा" म्हणणाऱ्या ग्राहकाला पार्ट विकला जातो. "डिस्क १०० टक्के जातेय, मेमरी ६० वर आहे" म्हणणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

या आठवड्याचं काम

आजच तुमचे तीन आकडे लिहा. रविवारी दोन तास काढून वरची आठ कारणं क्रमाने तपासा. सगळं तपासूनही मशीन कमीच पडत असेल, तर मग नवीन पार्ट जरूर घ्या. तेव्हा तो खर्च अंदाजाने केलेला नसेल. कोणता पार्ट, किती ताकदीचा आणि कशासाठी, याचं उत्तर तुमच्या वहीत लिहिलेलं असेल.

आधी किती सेकंद लागत होते आणि आता किती लागतात, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. तुमचा आकडा वाचून दुसऱ्या कुणाचे तरी सहा हजार वाचतील.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. कामाला लागा!