तिसरी पिन

पुणे-बंगळूरु महामार्गावर उंब्रजच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारात आम्ही नंबर लावून उभे आहोत. जलद चार्जिंगच्या यंत्राला दोन गन आहेत, पण त्यातली एकच चालू आहे आणि पुढे दोन गाड्या. शेजारी भिंतीलगत एक जुनं, ठेंगणं यंत्र उभं आहे. त्याला तीन गोल निळी सॉकेटं. त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये सार्वजनिक चार्जिंगचे नियम काढले, तेव्हा यादीत पाच तऱ्हेची यंत्रं होती. आज मोटारींसाठी रस्त्यावर सीसीएस-टू हीच गन सर्रास दिसते. हे निळ्या सॉकेटांचं यंत्र त्या जुन्या यादीतलं, ‘भारत एसी ००१’. प्रत्येक सॉकेटातून ३.३ किलोवॅट मिळतात. भाचा डिकी उघडतो आणि पिशवीतून अडॅप्टर काढतो. एका टोकाला निळा इंडस्ट्रियल प्लग, दुसऱ्या टोकाला पंधरा अँपियरचं थ्री-पिन सॉकेट, मधे हातभर जाड केबल. त्या सॉकेटात आम्ही गाडीच्या चार्जरची पेटी जोडतो. हॉटेलचा पोरगा कार्ड टेकवतो, पेटीवर हिरवा दिवा लागतो आणि गाडी वीज घ्यायला लागते. अर्ध्या तासात दीड युनिट, म्हणजे दहाएक किलोमीटरची सोय. आमचा नंबर येईपर्यंत उगाच उभं राहण्यापेक्षा हे बरं.

मोठी गन मिळाल्यावर मात्र काम झपाट्याने होतं. ऐंशी टक्क्यांनंतर वेग मंदावतो, तरी आम्ही नव्वदपर्यंत थांबतो. पुढे घाट आहे आणि मुक्कामाच्या गावात काय मिळेल याचा भरवसा नाही.

पाटण मागे पडतं. हेळवाक, कोयनानगर. वैशाखातलं ऊन डोंगरांवर पसरलेलं, गवत वाळून पिवळं पडलेलं. कोयना मुळात पूर्वेकडे वाहणारी नदी. तिचं पाणी शिवसागर जलाशयात अडवून डोंगराच्या पोटातून पश्चिमेला सोडलं जातं आणि त्या उतारावर वीज तयार होते. कोयनेच्या सगळ्या वीजगृहांची मिळून क्षमता १९६० मेगावॅट. कामगिरी बजावून ते पाणी शेवटी वाशिष्ठीला मिळतं.

कुंभार्ली घाट सुरू होतो आणि गाडीच्या पडद्यावरचा काटा उलटा फिरतो. पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की मोटर जनित्राचं काम करते. गाडीचा वेग आवरता आवरता बॅटरी भरते. वळणामागून वळण घेत आम्ही उतरतो. पोफळीला पोचेपर्यंत बॅटरी दोन टक्क्यांनी वाढलेली असते. सह्याद्रीच्या याच उतारावर एकीकडे कोयनेचं पाणी वीज देतं आणि दुसरीकडे रस्त्यावरून उतरणारी आमची गाडी. भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो मोबाइलवर उंचीचा हिशोब मांडून खूश होतो. “मामा, पण परत चढताना सगळं व्याजासकट द्यावं लागेल,” तो म्हणतो. ते खरंच आहे. म्हणून उद्या सकाळी बॅटरी भरलेली हवी.

चिपळूण ओलांडून गुहागरच्या वाटेला लागतो तेव्हा ऊन कललेलं आहे. मुक्काम सड्याच्या कडेला, एका जांभ्याच्या चिऱ्यांच्या घरात. अंगण सारवलेलं, पडवीत आंब्यांच्या पेट्या रचलेल्या, मागे वाडी. काकू कोकम सरबत घेऊन बाहेर येतात.

“लाइट आहे हो, आज व्होल्टेजही बरं आहे,” त्या आपणहून सांगतात. येणाऱ्या पाहुण्यांना पहिली चौकशी कशाची असते, हे त्यांना ठाऊक झालं आहे.

अंगणात मुंबईची एक विजेवरची गाडी आधीच उभी आहे. तिचे मालक सामान भरून निघायच्या तयारीत आहेत. पडवीतला प्लग त्यांनी पाहिला आहे, पण तो पाच अँपियरचा, मोबाइल आणि टेबलफॅनसाठीचा. पंधरा-पाचचा कन्व्हर्टर लावून आमच्या जाड पिना त्यात बसवता येतील. मागची तार मात्र तेवढीच बारीक राहील. गिझरही जवळपास एवढीच वीज ओढतो, पण पंधरा-वीस मिनिटं. गाडी रात्रभर ओढते. त्या बारीक तारेतून दहा तास पंधरा अँपियर गेले, तर सॉकेट वितळून काळं पडायला वेळ लागत नाही.

काकू मागच्या बाजूला नेतात. न्हाणीघराच्या भिंतीवर गिझरचा पंधरा अँपियरचा पॉइंट आहे. आम्ही जाड केबलचं रीळ पूर्ण उलगडतो. गुंडाळलेली केबल रात्रभराच्या करंटने आतल्या आत तापते. रिळातून चार्जरची पेटी, पेटीतून गाडीची गन. बटण दाबतो.

पेटीवर लाल दिवा. अर्थिंग नाही.

प्लग काढून पुन्हा लावतो. पुन्हा लाल. फेज आहे, न्यूट्रल आहे, पंखा फिरतोय, दिवे लागताहेत. घरातल्या कोणत्याच वस्तूची तक्रार नाही. पण या पेटीला तिसऱ्या पिनेतून जमीन सापडत नाही, आणि ती सापडल्याशिवाय पेटी वीज पुढे सोडायची नाही.

मुंबईचे गृहस्थ आपली बॅग खाली ठेवून येतात. “मलाही काल हेच झालं. हे घ्या,” म्हणत एक पांढरा थ्री-पिन टॉप पुढे करतात. “दुसऱ्या सॉकेटात हा नुसता खोचून ठेवायचा. लाल दिवा जातो. काल रात्रभर याच्यावरच केली.”

त्यांचा चेहरा मोकळा आहे; मदत करायची म्हणूनच देताहेत. तो टॉप हातात घेतल्यावर आत काय असणार याचा अंदाज येतो. मी म्हणतो, “राहू द्या. आधी वायरमनला बोलावू.”

काकू फोन लावतात. वाडीतलेच एक वायरमन पंधरा मिनिटांत मोटरसायकलवरून येतात. पन्नाशीचे, खिशाला टेस्टर, पिशवीत मीटर आणि होल्डरला दोन तारा जोडलेला शंभरचा पिवळा बल्ब. ते आधी बोलत नाहीत. बल्बच्या दोन तारा फेज आणि न्यूट्रलला लावतात. बल्ब लख्ख पेटतो. मग न्यूट्रलची तार काढून अर्थिंगच्या भोकात घालतात. बल्बातली तार नुसती लालसर होते, विझत्या विडीच्या टोकासारखी.

“बघा,” ते म्हणतात. “तार आहे, पण जमीन धरत नाही.”

मग ते आमच्याकडून तो पांढरा टॉप मागून घेतात आणि त्याचा स्क्रू काढतात. आत काहीच नाही. फक्त न्यूट्रलच्या पिनेपासून अर्थिंगच्या पिनेपर्यंत बोटाच्या पेराएवढी तांब्याची तार.

मुंबईचे गृहस्थ पुढे वाकून बघतात. “एवढंच?”

“एवढंच. पेटीला वाटतं अर्थिंग मिळालं. मिळालेलं काही नसतं; ते तुम्ही न्यूट्रलला बांधलेलं असतं. आता समजा, वळवाचा पाऊस आला, फांदी पडली आणि खांबावरचा न्यूट्रल तुटला. आमच्याकडे तुटतो. मग फेज घरातल्या दिव्या-पंख्यांतून फिरून तुमच्या न्यूट्रलवर येणार, आणि या तारेतून गाडीच्या पत्र्यावर. गाडी रबरी टायरवर उभी. तिला काही होत नाही, फ्यूजही जात नाही. पहाटे कोणीतरी ओल्या अंगणातून अनवाणी जाऊन दार उघडणार.”

कोणी काही बोलत नाही. भाचा हळूच विचारतो, “पण पेटीत गळती पकडणारी सोय असते ना?”

“ती फेज आणि न्यूट्रलमधला फरक मोजते,” मी त्याला सांगतो. “इथे करंट तिसऱ्या तारेने बाहेरूनच येणार. तो तिच्या मोजमापात येतच नाही.” त्याला लगेच कळतं. त्याच्या वहीत ही आकृती असणार, पण वहीत अनवाणी पाय नसतो.

वायरमन घराच्या कोपऱ्याला जातात. करवंदीच्या जाळीजवळ सिमेंटचं एक छोटं झाकण आहे. ते सरकवून ते आत हात घालतात. मीठ-कोळसा भरून त्यात पाइप पुरलेला. हाताला कोरडी भुकटी लागते.

“वहिनी, यात पाणी कधी घातलं होतंत?”

“पाणी? झाडांना पुरत नाही, खड्ड्याला कुठलं!”

“तेच तर. पावसात हा खड्डा ठणठणीत असतो. जांभा आहे. पाणी धरत नाही, खाली सोडून देतो. वैशाखात हाडासारखा कोरडा पडतो.”

काकू आत जाऊन भांडी विसळलेल्या पाण्याची बादली आणतात. पिण्याचं पाणी त्या देणार नाहीत आणि वायरमनही मागत नाहीत. पाइपच्या तोंडात पाणी ओततात. ते घोट घेतल्यासारखा आवाज करत नाहीसं होतं. दुसरी बादली. वायरमन तोवर गंजलेला नटबोल्ट सोडवतात, पॉलिश पेपरने पाइप आणि पट्टी घासून चकचकीत करतात आणि पुन्हा आवळतात. तिसरी बादली ते झाकणाच्या भोवतीने सावकाश सोडतात.

आम्ही चहा घेतो. पाणी मुरायला वेळ द्यायचा असतो.

पुन्हा बल्ब. फेज-न्यूट्रल, लख्ख. फेज-अर्थिंग, आणि या वेळी बल्ब तसाच लख्ख पेटतो. न्हाणीघराच्या भिंतीवर पिवळा उजेड पडतो. वायरमनांचं एवढ्यावर समाधान होत नाही. मीटर काढून ते न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज बघतात. मघाशी चाळिसाच्या आसपास होतं, आता दोन-तीनच्या घरात आलंय. “आता लावा,” ते म्हणतात.

गन गाडीत बसते. यापुढचं डोळ्यांना दिसत नाही, पण काय चाललंय ते माहीत आहे. पेटी आणि गाडी एका बारीक तारेवरून बोलतात. गन लागली की १२ व्होल्टचा इशारा ९ वर येतो. गाडी तयार आहे म्हणाली की ६ वर. त्याच तारेवर पेटी गाडीला सांगते, इतके अँपियर घे, जास्त नको. मग पेटीत ‘खट्’ आवाज होतो, रिले बसतो आणि दिवा हिरवा होतो.

भाचा पडदा बघतो. व्होल्टेज २२५ वरून घसरत २०८ वर येतं. एवढ्या लांबून आलेल्या गावच्या लाइनवर पंधरा अँपियरचा भार जाणवणारच. संध्याकाळ आहे, वाडीतले पंप, दिवे, टीव्ही सगळं याच डीपीवर. आम्ही गाडीच्या सेटिंगमधून करंट दहा अँपियरवर आणतो. व्होल्टेज सावरतं. बॅटरी ३० युनिटांची, सध्या पंचवीस टक्के. रात्रभरात नव्वदीच्या जवळ जाईल. तेवढं पुरे. दर अर्ध्या तासाने एकदा जाऊन प्लगवर बोटाची मागची बाजू टेकवायची. कोमट लागला तर ठीक, चटका बसला तर बंद.

मीटरचं रीडिंग लिहून घेतो. काकू म्हणतात, “द्याल काय ते द्या.” पण हिशोब नीट व्हायला हवा. घरगुती विजेचा दर शंभर युनिटांपुढे वाढतो, तीनशेपुढे आणखी. आमच्या गाडीची युनिटं त्यांच्या घरखर्चाच्या वर चढणार, म्हणजे महागाच्या टप्प्यात. तेव्हा वरच्या टप्प्याचा दर धरूनच पैसे द्यायचे, असं आम्ही ठरवतो. पाहुण्याच्या गाडीपायी त्यांचं बिल फुगता कामा नये.

मुंबईचे गृहस्थ अजून निघालेले नाहीत. उघडलेला तो टॉप त्यांच्या हातात आहे. पक्कड मागून घेऊन ते आतली तांब्याची तार तोडतात आणि वायरमनांना विचारतात, “आमच्या गावच्या घरीही अर्थिंग तपासून घ्यायचं म्हटलं, तर काय सांगू तिथल्या माणसाला?”

“बल्ब लावून दाखवायला सांगा,” वायरमन म्हणतात. “तोंडाने ‘आहे’ सगळेच म्हणतात.”

डिकीतली अडॅप्टरची पिशवी मी आवरायला घेतो. निळा प्लग, थ्री-पिन, जाड रीळ. सॉकेटाचा आकार कसलाही असो, याने तो जुळवता येतो. जमीन मात्र कोणत्याच अडॅप्टरमध्ये भरून आणता येत नाही. ती ज्याच्या त्याच्या अंगणातच असावी लागते आणि कोणीतरी ती राखावी लागते. महामार्गावर मोठी यंत्रं उभी राहताहेत, राहायलाच हवीत. पण पर्यटक मुक्कामाला येतो तो अशा घरांत, आणि गाडी भरायला सगळ्यात मोकळा वेळ रात्रीचाच. इथे भिंतीवर एक भरवशाचा पॉइंट असला, तर कोकणातल्या कुठल्याही वाडीपर्यंत विजेवरची गाडी निर्धास्त येईल. आणि अर्थिंग नीट झालं, तर फायदा आमच्याआधी काकूंचा आहे. वॉशिंग मशीनला, पंपाला, फ्रिजला हात त्यांचाच लागतो.

काकूंनी हे आमच्याआधीच हेरलेलं आहे. “अहो, नवाच करून टाका ना एक पॉइंट,” त्या वायरमनांना सांगतात. “दर आठवड्याला कोणी ना कोणी गाडी घेऊन येतं.”

वायरमन घराला एक फेरी मारतात आणि न्हाणीच्या मागे थांबतात. तिथे सांडपाण्यावर केळी आणि अळू माजलेलं आहे. पायाने माती उकरून बघतात. भर वैशाखात ओली.

“खड्डा इथे घेऊ,” ते म्हणतात. “न्हाणीचं पाणी बारा महिने मिळेल, वेगळं घालायला नको.” मग भाच्याला वही काढायला लावून यादी सांगतात. मीटरपासून चार एमएमची स्वतंत्र तार, सोळाचा एमसीबी, तीस मिलीअँपियरचा आरसीसीबी, पावसाचं झाकण असलेलं इंडस्ट्रियल सॉकेट, अर्थिंगचा पाइप, मीठ, कोळसा.

“कधी करता?” काकू विचारतात.

“मृगाच्या आत. पाऊस लागला की सगळीच जमीन ओली होते. मग बल्ब कुठेही लख्ख पेटतो आणि अर्थिंगची आठवण कोणालाच राहत नाही.”

काकू मान डोलावतात आणि सोमवारचा वार पक्का करतात.